वाऱ्याचा धनी
(प्रस्तावना)

हिब्रू धर्मग्रंथाच्या दुसऱ्याच वचनात वारा भेटतो. पृथ्वीला अजून आकार आलेला नाही, खोल पाण्यावर काळोख आहे आणि त्या पाण्यावर देवाचा वारा तरंगतो आहे. तिथून पुढे हा वारा फारसा विसावा घेत नाही. नोहाच्या काळचा जलप्रलय तोच ओसरवतो. मिसरात टोळधाड येते ती पूर्वेच्या वाऱ्यावर, आणि जाते ती पश्चिमेच्या. समुद्र दुभंगतो तेव्हाही रात्रभर पूर्वेचा वारा वाहत असतो. रानात भुकेल्या लोकांपुढे लावे पक्षी येऊन पडतात, ते वाऱ्यानेच समुद्राकडून लोटत आणलेले. योनाचे गलबत वादळात सापडते. ईयोबाची मुले वादळाने घर कोसळून मरतात आणि त्याच ईयोबाला अखेर उत्तर मिळते तेही वावटळीतून. एलीया संदेष्टा वावटळीतून वर जातो. यहेज्केलासमोरच्या खोऱ्यात पडलेले सांगाडे चारी दिशांचे वारे आल्यावर उठून उभे राहतात.

इतकी कामे करणारा हा वारा देव मात्र कधी होत नाही. शेजारपाजारी तो देव होता. सिरियाच्या किनाऱ्यावर बआल, मेसोपोटेमियात अदाद, आपल्याकडे वायू, मरुत, रुद्र आणि पर्जन्य. हिब्रू ग्रंथांत वारा नेहमी कुणाचा तरी असतो. तो भांडारातून काढला जातो, धाडला जातो, आवरला जातो. त्याला धनी आहे. या पुस्तकाचा सगळा प्रपंच या एका गोष्टीभोवती उभा आहे. अनेक देव असतील तिथे एकाने झोडपले तर दुसऱ्याला शरण जाता येते. इथे वादळ धाडणारा आणि वादळात मारलेली हाक ऐकणारा एकच. त्यामुळे वादळाची तक्रार करायची तर ती त्याच्याकडेच करावी लागते, आणि ती टाळताही येत नाही. हिब्रू ग्रंथांतले वादळ सामर्थ्याची खूण म्हणून सुरू होते आणि पाहता पाहता न्यायाचा प्रश्न होऊन बसते. हा प्रवास मराठी वाचकापुढे सलग मांडावा, एवढ्यासाठी हे पुस्तक.

ग्रंथ आणि त्याची भाषा

नव्या वाचकासाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. ज्याला यहुदी लोक तनाख म्हणतात आणि ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, तो एक ग्रंथ नसून ग्रंथांची पेटी आहे. तोरा, संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि इतर लेखन असे तिचे तीन कप्पे. त्यातली सर्वांत जुनी गाणी आणि सर्वांत उशिराची पाने यांत जवळजवळ हजार वर्षांचे अंतर असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इतक्या काळात वादळाचा एकच अर्थ टिकून राहील, ही अपेक्षाच चुकीची.

भाषेबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवली की पुरे. वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींसाठी हिब्रूत ‘रूआह’ हाच शब्द येतो. बाराव्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदीजने ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या ग्रंथाच्या पहिल्या भागातले एक अख्खे प्रकरण या शब्दाच्या छटा वेगळ्या करण्यात खर्ची घातले. प्राण आणि वायू यांचे नाते लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला याचे नवल वाटणार नाही. पण ओळखीचे वाटते म्हणून तेच आहे असे समजण्याचा धोकाही इथेच सुरू होतो. वादळासाठी हिब्रूत ‘सआर’, ‘सुफा’ असे वेगळे शब्द आहेत, होरपळवणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्याला ‘कादीम’ हे स्वतंत्र नाव आहे, आणि गडगडाटाला तर बहुधा नुसते ‘आवाज’ म्हटले आहे.

पावसाकडे डोळे लावणारी भूमी

या वाऱ्यांना दिशा आहेत, आणि दिशांना अर्थ आहे. इस्राएलची भूमी समुद्र आणि वाळवंट यांच्यामध्ये अडकलेली चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला भूमध्य समुद्र, पूर्वेला आणि दक्षिणेला उजाड रान. पश्चिमेचा वारा ढग आणतो, पूर्वेचा वारा उभे पीक करपवतो. पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरातली पहिली सर नांगरटीला हवी, मार्च-एप्रिलातली शेवटची सर दाणा भरायला हवी, आणि उन्हाळा सगळा कोरडा. फारोच्या स्वप्नातली कणसे पूर्वेच्या वाऱ्याने सुकलेली असतात. योनाच्या डोक्यावर ऊन तापते तेव्हा त्याच्या जोडीला पूर्वेच्या वाऱ्याची झळही असते. एलीयाचा चाकर कर्मेल डोंगरावरून सातव्यांदा पाहतो तेव्हा त्याला हाताच्या तळव्याएवढा ढग दिसतो, तो समुद्रातून वर येणारा. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला नुसत्या दिशेवरून पुढचे कळत असे.

अनुवाद या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात हा भूगोल स्पष्टच सांगितला आहे. मिसर देश भाजीच्या मळ्यासारखा, पाणी पाजून पिकवायचा. तुम्ही जाता तो कनान देश मात्र डोंगरदऱ्यांचा, आकाशातून पडेल तेवढेच पाणी पिणारा. नाईलच्या काठी राहणाऱ्याला आभाळाकडे पाहण्याची गरज कमी. डोंगरात राहणाऱ्याचा सगळा संसार त्या पाहण्यावर.

नंदुरबार जिल्ह्यात हा भेद तालुक्यागणिक दिसतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सातपुड्याला टेकलेला आहे. शहादा आणि नंदुरबारच्या सपाटीला तापीचा शेजार आहे, विहिरी आणि कूपनलिका आहेत, केळी, पपई आणि ऊस आहे. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या उतारांवर भिल्ल, पावरा, तडवी शेतकरी मात्र पावसावरच ज्वारी-मका पेरतो. एकाच जिल्ह्यात मिसर आणि कनान दोन्ही नांदतात. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्या असलेल्या या भागात पावसाशी बोलण्याच्या रीतीही पुष्कळ आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घागरीखाली मातीची चार ढेकळे ठेवून, कोणते किती भिजले यावरून पावसाळ्याचे चार महिने जोखले जातात. पाऊस लांबला की लिंबाच्या पाल्यात गुंडाळलेले पोर दारोदार फिरते आणि घरोघरच्या बाया त्याच्यावर पाणी ओततात. सातपुड्यात इंदल पूजेची रात्र जागवली जाते. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातला तआनीत हा ग्रंथ पाऊस लांबल्यावर कोणी, कधी आणि किती उपास करावेत याचे बारीक नियम सांगतो. तो वाचताना ही माणसे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

साम्य इथवरच. आपला पाऊस नैर्ऋत्य मोसमी, जूनपासूनचा, उन्हाळ्याच्या पोटातून येणारा. त्यांचा पाऊस थंडीतला. खानदेशात उन्हाळ्याची झळ पश्चिमेकडूनही येते, त्यामुळे ‘पूर्वेचा वारा’ हे शब्द ऐकून इथल्या शेतकऱ्याच्या अंगावर काटा येणार नाही. ती भीती नकाशा पुढे ठेवून समजून घ्यावी लागते. पण आभाळावर पोट असणे म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावायला नको. युरोपातल्या ग्रंथालयांत बसून लिहिलेल्या अनेक भाष्यांत नेमकी हीच जाण अपुरी पडते.

मराठीशी जुने नाते

हे ग्रंथ मराठीला परके नाहीत, आणि वादळाशी त्यांचे इथले नाते तर फार जुने आहे. कोकणातले बेने इस्राएल यहुदी आपली कथा एका वादळापासूनच सुरू करतात. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्राने नेले. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढे उरले. ही घटना कोणत्या शतकातली याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण नवगावला तिचे स्मारक आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेला.

याच समाजाने सर्व संदेष्ट्यांत एलियाहूला, म्हणजे मराठी बायबलातल्या एलीयाला, सर्वांत जवळ केले. नवस फेडताना, लग्नकार्यात, नव्या घरात पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा त्याच्या नावाने होतो. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे आणि लोक तिथे दर्शनाला जातात. २ राजे या ग्रंथात एलीया वावटळीतून वर गेला. कोकणातल्या भाविकांनी त्याचा रथ आपल्या खडकावर उतरवून घेतला. ग्रंथातले प्रतीक लोकांच्या भूगोलात कसे रुजते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात हिब्रूचा अभ्यास मराठीत होऊ लागला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठी भाषकांसाठी हिब्रू व्याकरण छापले. त्याचा मुख्य वाचक बेने इस्राएल समाजच होता. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. याच समाजाने कीर्तनाचा मराठी साज हिब्रू आख्यानांवर चढवला. यहुदी प्रार्थनेत हिवाळाभर, वल्हांडणापर्यंत, वारा वाहवणारा आणि पाऊस पाडणारा म्हणून देवाचे स्मरण होते. पावसाळा वेगळ्या महिन्यांत असलेल्या कोकणातही ते इस्राएलच्या ऋतूंनुसारच होत राहिले. इथे पंचांग एका भूमीचे आणि आभाळ दुसरीचे.

ख्रिस्ती बाजूने पाहिले तर बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी नवा करार १८११ मध्ये मराठीत छापला आणि जुना करार त्यानंतर आला. पण या विषयाच्या दृष्टीने सर्वांत वेधक काम पंडिता रमाबाईंचे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत उतरवले. १९२२ मध्ये त्या वारल्या, भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १८७४च्या दुष्काळात त्यांचे आई-वडील गेले होते. १८९६-९७ आणि १९००च्या दुष्काळांत मध्य प्रांत आणि गुजरातेतून त्यांनी शेकडो मुली-बायांना केडगावला आणले. एलीयाच्या काळच्या अवर्षणाची कथा भाषांतरित करणाऱ्या बाईने अवर्षण पुस्तकातून जाणलेले नव्हते.

खानदेशच्या पश्चिम भागात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन मिशनरी आले. नवापूर तालुक्यातले चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय हा त्याच वाटेवरचा टप्पा. मावची, गावीत, कोकणी, भिल्ल कुटुंबांतून इथे मंडळ्या उभ्या राहिल्या. घरात मावची किंवा भिली बोलणारा माणूस उपासनेत मराठी बायबल वाचतो आणि त्यातले वादळ आपल्या शिवारातल्या वादळाशेजारी ठेवून समजून घेतो. या वाचनाची नोंद अभ्यासकांनी फारशी घेतलेली नाही. हे पुस्तक लिहिताना तो वाचक सतत डोळ्यांपुढे होता.

गडगडाटापासून प्रश्नापर्यंत

ग्रंथांच्या आत वादळाचा अर्थ कसा सरकत गेला, ते आता पाहू. शास्ते या ग्रंथातले दबोरेचे गीत बहुतेकांच्या मते फार प्राचीन. त्यात मेघ गळतात, डोंगर थरथरतात, किशोन नदीला पूर येतो आणि शत्रूची फौज वाहून जाते. स्तोत्रसंहितेतले २९वे स्तोत्र त्याच जातीचे. ‘परमेश्वराचा आवाज’ हे शब्द त्यात सात वेळा गडगडतात. वादळ समुद्रावरून उठते, लबानोनचे गंधसरू मोडते, वाळवंट हलवते आणि शेवटी लोकांना शांती देऊन थांबते. अठराव्या स्तोत्रात देव करुब या पंखधारी प्राण्यावर स्वार होऊन वाऱ्याच्या पंखांवरून उतरतो. सीनायच्या डोंगरावर गडगडाट, विजा आणि दाट ढग येतात. फरक एवढाच की तिथे गडगडाटानंतर आज्ञा ऐकू येतात. वादळाला प्रथमच काही सांगायचे असते.

राजांच्या काळात भांडण उघड झाले. पाऊस कुणाचा? अहाब राजाच्या राणीने, ईजबेलने, बआलाची पूजा वाढवली. एलीयाने पावसाच्या देवालाच पावसावरून आव्हान दिले. तीन वर्षे अवर्षण, मग कर्मेल डोंगरावरची कसोटी, मग तो तळव्याएवढा ढग. ही कथा इथे संपली असती तर ती विजयाची कथा ठरली असती. पण लगेच पुढच्या अध्यायात हाच एलीया जीव घेऊन होरेब डोंगराकडे पळतो. तिथे डोंगर फोडणारा वारा सुटतो आणि देव वाऱ्यात नसतो, भूकंपात नसतो, अग्नीतही नसतो. त्यानंतर अगदी बारीक, शांत असा आवाज येतो. कर्मेलवर ज्याने अग्नी उतरवला त्यालाच हे ऐकावे लागते. ग्रंथ इथे स्वतःच्याच जुन्या भाषेवर प्रश्नचिन्ह लावतो. तरीही तो ती भाषा टाकत नाही, कारण काही अध्यायांनंतर तोच एलीया वावटळीतून वर जातो. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवणाऱ्या संपादकांना घाईने उत्तर द्यायचे नव्हते.

संदेष्ट्यांनी वादळाला इतिहासाशी जोडले. होशेय म्हणतो की हे लोक वारा पेरतात आणि वावटळ कापतात. त्याच्या बोलण्याचा रोख शोमरोनचे वासरू, राजांची उलथापालथ आणि अश्शूरशी चाललेली हातमिळवणी यांवर आहे, हवामानावर नाही. यिर्मयाला खोट्या संदेष्ट्यांच्या डोक्यावर वादळ फिरताना दिसते. बाबेलच्या बंदिवासात गेलेल्या यहेज्केलाला उत्तरेकडून वादळ येताना दिसते, आणि त्या वादळात देवाचा रथ असतो. यरुशलेमचे मंदिर सोडून देव परमुलखात लोकांमागे येतो, आणि त्याचे वाहन वादळच असते.

शेवटी येतात ईयोब आणि उपदेशक हे दोन ग्रंथ, आणि इथे विषयाची खरी खोली लागते. ईयोबाच्या पहिल्याच अध्यायात रानाकडून आलेला मोठा वारा घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळतो आणि त्याची मुले दगावतात. त्याचे मित्र येतात, सात दिवस गप्प बसतात, आणि मग तेच म्हणतात जे माणसे आजही म्हणतात: काही तरी पाप असल्याशिवाय असे होत नाही. ईयोब ते मान्य करत नाही. अखेर देव वावटळीतूनच बोलतो. तो ईयोबाच्या दुःखाचे कारण सांगत नाही. जिथे माणूसच राहत नाही अशा ओसाड जमिनीवरही आपण पाऊस पाडतो, हे मात्र सांगतो. म्हणजे प्रत्येक पाऊस माणसासाठी नाही आणि प्रत्येक वादळ माणसाविरुद्ध नाही. उपदेशकाला तर वारा फिरून फिरून त्याच मार्गाने येताना दिसतो. वाऱ्याकडेच पाहत बसणारा पेरणी करणार नाही, असे तो बजावतो. आखाजीची ढेकळे पाहूनही वखराला हात घालणाऱ्या शेतकऱ्याला ते वेगळे सांगावे लागणार नाही.

अभ्यासाच्या वाटा

या सगळ्याचा अर्थ लावणाऱ्यांच्या परंपरा अनेक आहेत. रब्बींची परंपरा सर्वांत जुनी. तिने वादळाकडे प्रार्थना आणि उपासाच्या अंगाने पाहिले आणि प्रत्येक वचनाला दुसऱ्या वचनाशी बोलते केले. अकराव्या शतकात यहुदी भाष्यकार राशीने शब्दाच्या सरळ अर्थाकडे लक्ष वेधले. मायमोनिदीजने देवाला शरीर, श्वास, आवाज चिकटवणाऱ्या वाचनाला तर्काने आवर घातला.

आधुनिक अभ्यासाला वळण देणारे नाव हर्मान गुंकेल. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने बाबिलोनी प्रलयकथेची पाटी वाचून दाखवली होती. मार्दुक देव वाऱ्यांना शस्त्र करून समुद्ररूपी तिआमतला मारतो ती कथाही उजेडात आली होती. गुंकेलने १८९५ मध्ये दाखवले की हिब्रू ग्रंथांतला समुद्र आणि वादळ यांचा झगडा या जुन्या कथांच्या प्रकाशात वाचायला हवा. मग १९२८ मध्ये सिरियाच्या किनाऱ्यावर रास शमराजवळ एका शेतकऱ्याच्या नांगराला थडगे लागले. पुढच्या वर्षी क्लोद शेफर यांनी उत्खनन सुरू केले आणि उगारित हे गाडले गेलेले नगर वर आले. तिथल्या मातीच्या पाट्यांवर बआलाच्या कथा होत्या. ढगांवर स्वार होणारा, समुद्राशी लढणारा, घराची खिडकी उघडून गडगडणारा, आणि मृत्यूने गिळल्यावर शेते सुकवणारा असा हा देव. १९३५ मध्ये एच. एल. गिन्सबर्ग यांनी २९वे स्तोत्र मुळात कनानी-फिनिशियन स्तोत्र असावे असे सुचवले. १९७३ मध्ये फ्रँक मूर क्रॉस यांनी कनानी पुराणकथा आणि हिब्रू इतिहासकथा यांचे नाते सविस्तर मांडले.

या शोधांनी दोन तट पडले. एकाला उसनवारी दिसते, दुसऱ्याला विरोध. एक म्हणतो, इस्राएलने बआलाचे कपडे आपल्या देवाला घातले. दुसरा म्हणतो, बआलाचे कपडे काढून घेतले आणि त्याला उघडे पाडले. मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. कपडे तेच आहेत यात शंका नाही. पण बआल मरतो तेव्हा पाऊस थांबतो आणि त्यावर कुणाकडे दाद मागता येत नाही. हिब्रू ग्रंथांत पाऊस थांबतो तेव्हा विलाप, प्रार्थना, भांडण आणि खटला सुरू होतो. उसन्या प्रतिमेने इथे नवे काम केले.

याखेरीज आणखी वाटा आहेत. समुद्र दुभंगण्यामागे कोणता वारा आणि कोणते उथळ पाणी असावे हे शोधणारे आहेत. त्यांचे गणित बरोबर असले तरी कथेचा अर्थ त्यातून हाती लागत नाही. ग्रंथाला साहित्य म्हणून वाचणाऱ्यांनी रचना, पुनरुक्ती आणि विडंबन यांकडे लक्ष दिले. थिओडोर हिबर्ट यांनी १९९६ मध्ये तोरेतल्या जुन्या कथांमागची डोंगरी, पावसावरची शेती पुढे आणली आणि ‘इतिहासाचा देव विरुद्ध निसर्गाचे देव’ ही जुनी विभागणी किती लटकी आहे ते दाखवले. या पुस्तकावर त्या दृष्टीचे ऋण मोठे आहे.

आजच का

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले, म्हणजे बेने इस्राएलांच्या गलबताची कथा सांगणाऱ्या त्याच पट्ट्यात. नंदुरबारला समुद्र नाही, पण वादळी वारा आहे. अवकाळी पाऊस आला की बाजार समितीच्या आसपास पथारींवर वाळत घातलेली लाल मिरची भिजते. मे महिन्यातल्या वाऱ्याने तळोदा-शहाद्याकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात. हवामान बदलाची चर्चा आता परिषदांपुरती राहिलेली नाही.

अशा वेळी जुनी भाषा पुन्हा तोंडात येते. कुणी म्हणतो कलियुग, कुणी म्हणतो पापाचे फळ, कुणी म्हणतो शेवटचे दिवस. धर्मग्रंथ हातात घेऊन असे बोलणाऱ्याला थांबवायचे तर त्याच धर्मग्रंथात काय आहे ते माहीत असावे लागते. ज्याची बाग पडली त्याच्या दाराशी जाऊन पापाचा हिशेब मांडणाऱ्यांची जागा ईयोबाच्या मित्रांशेजारी आहे. दुसऱ्या बाजूला, वादळे वाढण्यात माणसाचाही हात आहे, हे विज्ञान सांगते आहे. म्हणजे दोष कुणाचा हा प्रश्न रद्द झालेला नाही, त्याचा पत्ता बदलला आहे. कोळसा जाळणारा एक आणि झोडपला जाणारा दुसरा, असा हा मामला आहे. होशेयच्या वचनात पेरणारे आणि कापणारे तेच होते. आज ते वेगवेगळे आहेत, आणि म्हणून ते वचन आहे तसे लागू करता येत नाही. जुने प्रतीक कुठे उपयोगी पडते आणि कुठे तोकडे पडते, हे तपासणे ही आजची निकड आहे.

या पुस्तकाचा प्रयत्न

पुस्तकाची मांडणी ग्रंथांच्या क्रमाने केलेली नाही. वारा जिथे जिथे गाठ घेतो त्या ठिकाणांच्या क्रमाने ती केली आहे: समुद्र, डोंगर, खळे, वाळवंट, घर आणि शेवटी माणसाची छाती. खळ्याला त्यात जाणूनबुजून मोठी जागा दिली आहे. वाऱ्यावर उडून जाणारा भुसा हे पहिल्याच स्तोत्रात येणारे चित्र. उपणणी पाहिलेल्या वाचकाला ते एका क्षणात कळते आणि न पाहिलेल्यासाठी पानेच्या पाने खर्चावी लागतात. नावे मराठी बायबलात रूढ आहेत तशीच ठेवली आहेत, म्हणजे वाचकाला स्वतः वचन उघडून पडताळता येईल.

वैदिक सूक्तांशी तुलना केली आहे ती मोजकीच. इंद्र-वृत्र आणि बआल-समुद्र यांचे साम्य दाखवणे सोपे आणि मनोरंजक आहे. पण साम्यांची यादी झाली की समज वाढतेच असे नाही. जिथे तुलनेने हिब्रू वचनाची धार अधिक स्पष्ट होते, तिथेच ती ठेवली. सातपुड्यातल्या आदिवासी रीतींचा उल्लेख येतो तोही शेजार म्हणून. त्यांना बायबलची पूर्वतयारी ठरवण्याची मिशनरी सवय आणि त्यांना सरसकट एका मोठ्या धर्मात रिचवण्याची दुसरी सवय, दोन्ही टाळल्या आहेत.

वाचक कोण, हे गृहीत धरलेले नाही. चर्चमधला वाचक असेल, अलिबाग-ठाण्याचा किंवा इस्राएलात स्थायिक झालेला आणि अजून मराठी वाचणारा बेने इस्राएल असेल, वेदांचा अभ्यासक असेल, कशावरच विश्वास नसलेला असेल. श्रद्धा असावीच असा आग्रह नाही. श्रद्धावंताची थट्टाही नाही. ग्रंथ काय म्हणतो आणि कोणत्या आभाळाखाली म्हणतो, एवढे नीट कळावे.

ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात एक गोष्ट घडते, तिच्याकडे वाचकांचे सहसा दुर्लक्ष होते. वावटळीतले भाषण संपल्यावर देव मित्रांवर रागावतो. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असे तो त्यांना सांगतो. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. वाऱ्याला धनी आहे असे मानणाऱ्या परंपरेने धन्याला जाब विचारण्याची मुभा स्वतःच्या पवित्र ग्रंथात लिहून ठेवली आहे. तेव्हा वादळाने ज्याचे काही नेले आहे, त्याने आपला प्रश्न बाहेर ठेवून या पानांत येऊ नये. तो घेऊनच यावे. या ग्रंथांत त्याच्या आधी आलेल्यांनी तेच केले आहे.